सूर्यावरचे डाग आणि जमिनीचे हादरे

मोठा भूकंप झाला की लगेच कुणीतरी सांगतं, 'दोन दिवसांपूर्वी सूर्यावर स्फोट झाला होता!' ही शंका आजची नाही. सौरडागांचा हिशेब ठेवणाऱ्या रुडॉल्फ वोल्फ या स्विस खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच ती मांडली होती.

सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. डाग वाढले की सौरवादळंही वाढतात. पृथ्वीवर त्यांचा परिणाम होतो, हे खरंच. १८५९ सालच्या प्रचंड वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली. पण वीजवाहिन्या बिघडवणं वेगळं आणि कित्येक किलोमीटर खोलवरचे खडक सरकवणं वेगळं.

मग वादळानंतर भूकंप होतो, तो कसा? हिशेब सोपा आहे. जगात ६ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला शंभराहून जास्त होतात. म्हणजे सरासरी दोन-तीन दिवसांनी एक. कुठल्याही वादळानंतर आठवडाभर थांबलात, तर एखादा बहुधा सापडणारच! २०१३ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी शतकभराच्या मोठ्या भूकंपांच्या नोंदी तपासल्या. ठोस संबंध आढळला नाही. २०२० साली दुसऱ्या एका गटाने सूर्याकडून येणारे प्रोटॉन कण आणि मोठे भूकंप यांत संबंध दिसतो, असं मांडलं. तो उद्या खरा ठरला, तरी हादरा कुठल्या गावाला, कुठल्या दिवशी बसणार, हे त्यातून कळत नाही.

किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. सौरचक्र तेव्हा उताराला लागलं होतं. भूकंप सव्वासहाच्या आसपासचा, पण सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं यांच्याखाली सापडली.

म्हणून कुणी सूर्याकडे बोट दाखवून भूकंपाची तारीख सांगितली, तर घाबरू नका. घर बांधताना मात्र गवंड्याला जरूर विचारा : कोपरे नीट सांधलेत का? दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधून ठेवणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा आहे का? एवढं तरी आपल्या हातात आहे.