तुरुंगांतून परतणाऱ्यांची सोबत



महोत्सवाच्या दिवशीं सोहळ्याचेंच बोलावें असा प्रघात आहे. तो बाजूस ठेवून आम्ही आज तुरुंगांतून सुटून येणाऱ्या व्यसनी माणसाविषयीं बोलणार आहों. बंदिवानांस भेटणें हें आपल्या धर्मानें सांगितलेल्या दयेच्या कृत्यांपैकीं एक. परंतु बंदिवान सुटला, कीं आपली भेट संपते. आणि त्याची खरी परीक्षा तर तेव्हांच सुरू होते.

आपला प्रांत गोव्याच्या वेशीवरचा. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची दारू पकडली जाणें हें नित्याचें झालें आहे. तुरुंगांत जाणाऱ्यांत बाटल्या वाहणारे असतात, तसे बाटलीच्या भरांत हात उगारणारेही असतात. ओरोसला वा सावंतवाडीस कांहीं महिने काढून माणूस परतला, म्हणजे घरचीं माणसें समाधानानें म्हणतात, "सुटली एकदांची!" हा मोठा भ्रम होय. भिंतीच्या आड दारू मिळाली नाहीं, एवढेंच घडलें. ओढ तशीच राहिली. शिवाय सवय मोडलेल्या देहाला पूर्वीचें प्रमाण सोसत नाहीं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 सालीं प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या मानानें 12.7 पट आढळला. आणि मृत्यूचें पहिलें कारण अमली पदार्थांची अतिमात्रा हें होतें. तेथील विष निराळें, आपलें निराळें, हें खरें. तथापि त्या पंधरवड्याचा धाक आपणही धरावा.

अशा माणसास आधार कोणाचा? 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ 1935 सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन गांवीं निघाली. मद्यपाशांतून सुटूं पाहणाऱ्यानें दुसऱ्या तशाच माणसास सांभाळावयाचें. फी नाहीं, आडनांवाची विचारपूस नाहीं. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्यें फादर जोसेफ परेरा यांनीं 1981 सालीं 'कृपा' स्थापिली. पुण्यास 1986 सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' उभारिलें. परंतु मालवणच्या किनाऱ्यावरील खलाशानें मजुरी बुडवून मुंबई-पुण्यास वारंवार कसें जावें? 2020 च्या टाळेबंदींत व्यसनमुक्तीच्या सभा मोबाईलवर भरूं लागल्या, आणि दूरच्या वाडीलाही त्यांत जागा झाली. येथें कोण कोणाचा मुलगा, हें सर्वांस ठाऊक. सभेच्या दारांत पाऊल ठेवलें, कीं दुसऱ्या दिवशीं बाजारांत वार्ता! फोनवर मात्र चित्र बंद ठेवून केवळ पहिल्या नांवानें बोलतां येतें. लाजेनें मरणाऱ्या माणसाला ही सवलत थोडी नव्हे.

पण फोन असावा लागतो! तीन महिने न वापरलेला क्रमांक बंद पडूं शकतो. म्हणजे माणूस सुटतो तो बिनक्रमांकाचा. नवा क्रमांक घ्यावा, तर ओळखीचे कागद हवेत, आणि ते कोठें असतात हें त्यालाच ठाऊक नसतें. बरें, फोन हातीं आलाच, तर संध्याकाळपर्यंत जुने सोबतीही त्याच वाटेनें हाक मारतात. नुसतें यंत्र देऊन मोकळें होण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं. 1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, हातांस काम नाहीं. अशा दिवसांत सुटलेल्या माणसाचा तोल विशेष सांभाळावा लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. चर्चच्या आवारांतील एक खोली संध्याकाळीं उघडी असावी. तेथें एक फोन, चार खुर्च्या, आणि गुपित पोटांत ठेवणारा एक माणूस असावा. सुटका होणार असेल त्या दिवशीं कोणीतरी फाटकाशीं जावें आणि एस.टी.त शेजारीं बसून त्याला घरीं आणावें. गुन्हा काय होता, तें विचारूं नये. व्यसनमुक्तीचा 14446 आणि मनोविकारांसाठीं टेलिमानसचा 14416 हे सरकारी क्रमांक विनामूल्य आहेत. ते भिंतीवर लिहून ठेवावे. मात्र दारू तोडतांना हातपाय थरथरूं लागले, झटके आले वा भास होऊं लागले, तर सभा राहूं द्यावी आणि आधीं रुग्णालय गांठावें. तेथें उशीर झाल्यास प्राणाशीं गांठ पडते.

महोत्सवाच्या वर्गणींतून कांहीं रक्कम उरेल, असें समितीकडून कळतें. त्यांतून फोन व त्याचा मासिक खर्च सहज भागेल. राहिली खोलीची किल्ली. ती कोणाच्या हातीं द्यावी, तें आज उठण्यापूर्वीं ठरवावें.