गाडी आपली, तर तिचे दिवेही आपणच ओळखायचे

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत वाहन उपसमितीच्या सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्या गटांसाठी इथे देत आहोत.)



आजच्या सभेत बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचा हप्ता हे नेहमीचे विषय झाले. माझा विषय गाडीचा असला तरी तो हप्त्याशीच जोडलेला आहे. आपल्या काही गटांनी मिळून कर्ज काढून डिझेल पिकअप घेतली आहे. आणखी गटांचा तसा विचार चाललाय. गाडी फिरली तर भाडं येतं आणि भाडं आलं तर हप्ता जातो. ऐन टोमॅटोच्या तोड्याला गाडी चार दिवस गॅरेजला उभी राहिली, तर क्रेट बांधावर राहतात, दुसऱ्याची गाडी बघावी लागते, आणि बँक काही हप्ता पुढे ढकलत नाही.

बऱ्याच जणी म्हणतात, "गाडीचं ड्रायव्हर बघतो, आपल्याला त्यातलं काय कळतंय?" ड्रायव्हर गाडी चालवतो हे खरं. पण कर्जाच्या कागदावर सह्या आपल्या आहेत. मग गाडी काय सांगतेय एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे. आणि ते अवघड नाही. चूल पेटवणाऱ्या बाईला तर अजिबातच नाही.

धुरातले दोन त्रास

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांना बीएस-६ हा नियम लागू झाला. डिझेलच्या धुरात दोन मोठे त्रास असतात. एक म्हणजे काजळी. दुसरा म्हणजे नायट्रोजनचे विषारी वायू, ते डोळ्यांना दिसत नाहीत. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केलं. बाजारात गाड्यांच्या मागे पाट्या उतरवत उभ्या असतात त्या आपल्याच बायका, आणि गाडीमागे धावतात ती आपलीच पोरं. म्हणून हा नियम आपल्याही कामाचा आहे.

काजळी अडवायला गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनीत एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. वायूंचा बंदोबस्त करायला काही गाड्यांत वेगळी टाकी असते. तिच्यात डेफ नावाचं पाणी भरतात, ड्रायव्हर लोक त्याला नुसतं "युरिया" म्हणतात. ही दोन कामं वेगळी आहेत. फिल्टर भरला म्हणून युरिया टाकून काही होत नाही, आणि युरिया संपला म्हणून फिल्टर साफ करून उपयोग नाही. गॅरेजमध्ये इथेच गोंधळ होतो आणि नको तो खर्च आपल्या माथी बसतो.

काजळी जळते, राख जळत नाही

डीपीएफ हा मधाच्या पोळ्यासारखा, बारीक नळ्यांचा असतो. धूर त्याच्या भिंतींतून गाळून बाहेर जातो, काजळी आत अडकते. हळूहळू तो भरतो. मग तो साफ कसा होतो? आपण तवा घासतो, तसा तो घासत नाहीत. गाडी ती काजळी आतल्या आत जाळून टाकते. यालाच रिजनरेशन म्हणतात.

गाडी भरलेली असेल, घाट चढत असेल किंवा मोठ्या रस्त्याला एका वेगाने चालली असेल, तर सायलेन्सर चांगला तापतो आणि थोडी थोडी काजळी आपोआप जळत राहते. तेवढ्यानं भागलं नाही, तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून जादा डिझेल सोडून फिल्टरची उष्णता ६०० अंशांच्या आसपास नेतो. हे काम साधारण पंधरा-वीस मिनिटं चालतं. तेव्हा गाडी उभी असली तरी रेस थोडी वाढलेली वाटते, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो. बाया घाबरतात, "गाडी तापली, बंद कर" म्हणतात. तेच नेमकं करायचं नाही. अर्धवट शिजलेल्या भाकरीखालचा जाळ काढला तर भाकरी कच्ची राहते, तसंच हे.

चुलीत लाकूड जळतं, काजळीही जळते, पण राख उरते. फिल्टरमध्येही तसंच. इंजिन ऑइलातून येणारी राख जळत नाही, ती साठत जाते. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच कमी राखेचं ऑइल घालायचं. बाजारात स्वस्त मिळालं म्हणून दुसरं घातलं, तर फिल्टर वेळेआधी भरणार. खूप वर्षं चाललेल्या गाडीचा फिल्टर काढून साफ करावा लागतो, त्याला इलाज नाही.

आपली गाडी का अडते?

आपली गाडी दिवसभर काय करते? मळ्यातून गावात, गावातून डेअरीवर, तिथून सोसायटीच्या गोडाऊनला. दोन-तीन किलोमीटर गेली की बंद, पुन्हा चालू. सायलेन्सर तापायच्या आत गाडी थांबते. काजळी साठते, पण जळत नाही. मध्येच बंद केल्यावर जादा सोडलेलं थोडं डिझेल इंजिन ऑइलात उतरतं. ऑइलाची पट्टी काढून बघितली आणि पातळी चढलेली दिसली, तर "ऑइल भरपूर आहे" म्हणून खूश व्हायचं नाही. पातळ झालेलं ऑइल इंजिन खातं.

यावर उपाय वेळापत्रकाचा आहे. आठवड्यातून एक-दोनदा तरी गाडीला लांबचा, सलग फेरा मिळाला पाहिजे. दोन गावांचा माल एकत्र करून नारायणगावच्या बाजारात किंवा संगमनेरला नेला, तर डिझेलही वाचतं आणि हायवेला अर्धा तास एका वेगाने गाडी चालली की फिल्टरही साफ होतो. म्हणजे फेऱ्या ठरवणारी आपली समितीच गाडीचं अर्धं आरोग्य सांभाळते.

डॅशबोर्डावर फिल्टरचा पिवळा दिवा लागला, तर गाडी बंद करायची घाई नको. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्याला सलग चालवायची, दिवा बहुतेक वेळा विझतो. काही गाड्यांना उभ्या उभ्या सफाई करायचं बटण असतं. ते दाबायचं असेल तर गाडी मोकळ्या जागी लावा. कडब्याची गंज, वाळलेलं गवत, पाचट यांच्याजवळ कधीच नाही, कारण सायलेन्सर खालून लाल होण्याइतका तापू शकतो. पोरांनाही लांब ठेवा.

दिवा तसाच राहिला, मिचकू लागला, सोबत इंजिनचाही दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली, तर मग माल पोचवायच्या नादात रेटायचं नाही. सर्व्हिस सेंटरला मशीन लावून सफाई करून देतात. तिथेही उशीर केला, तर फिल्टर बदलावा लागतो आणि कित्येक हप्त्यांचे पैसे एका दमात जातात. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा मात्र वेगळा. तो लागला की गाडी तिथेच बाजूला घ्यायची.

निळ्या झाकणाची टाकी

सगळ्या पिकअपना युरियाची टाकी नसते. आपल्या गाडीला आहे का, ते आधी बघा. असेल तर झाकण बहुतेक निळं असतं. डेफमध्ये साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी अतिशुद्ध पाणी असतं. गरम सायलेन्सरमध्ये त्याचा फवारा मारला की अमोनिया होतो, आणि तो त्या विषारी वायूचं साधं नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करून टाकतो.

आता महत्त्वाचं. आपल्या घरात युरियाची गोणी असते, पंचेचाळीस किलोची, स्वस्त. कुणीतरी सांगतं, "त्यातलाच युरिया पाण्यात विरघळवा, काय फरक पडतोय?" फरक पडतो. शेतीचा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला असतो, त्यात इतर घटक असतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार. हंड्याला आतून पांढरा थर बसतो ना, तसाच तो फवाऱ्याच्या बारीक नळीत बसतो. शिवाय अनुदानाचा युरिया खताशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला खत नियंत्रण आदेशाने बंदी आहे. शंभर-दोनशे वाचवायला जाऊन हजारोंचा पंप घालवू नका.

डेफ घेताना सीलबंद कॅन, त्यावर आयएसओ २२२४१ आणि तारीख बघून घ्या. कॅन सावलीत, थंड जागी ठेवा. उन्हात पत्र्याखाली ठेवला तर लवकर खराब होतो. लोखंडी डबा, डिझेलचं नरसाळं वापरू नका. सांडलं तर पाण्याने धुवा, नाहीतर पांढरे खडे धरतात.

चुकून डेफ डिझेलच्या टाकीत किंवा डिझेल डेफच्या टाकीत गेलं, तर चावी लावायचीच नाही. चालू न करता टाकी रिकामी करून घेतली तर नुकसान थोडं, चालू केली तर मोठं. आणि डेफ संपत आलं की गाडी आधी इशारा देते, मग ओढ कमी करते. काही गाड्या एकदा बंद केल्यावर पुन्हा चालूच होत नाहीत. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टाकी बघा.

"काढूनच टाका ना फिल्टर"

असं सांगणारे भेटतील. फिल्टर काढायचा, कॉम्प्युटरमध्ये बदल करायचा, दिवा कायमचा बंद. ऐकायला सोपं वाटतं. पण कंपनीची वॉरंटी जाते, पीयूसीला गाडी अडकते, आणि प्रदूषणाचा नियम मोडला म्हणून मोटार वाहन कायद्याने दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो धूर पुन्हा आपल्याच छातीत जातो. चुलीच्या धुरातून सुटायला आपण किती वर्षं धडपडलो! तोच धूर चाकावर घालून दारात आणायचा का?

वहीत चार रकाने

शेवटी एक ठराव मांडते. गाडीच्या वहीत भाडं आणि डिझेल आपण लिहितोच. त्यात आणखी चार रकाने आखूया: भरलेलं डेफ, लागलेला दिवा आणि तारीख, आठवड्यातला लांबचा फेरा, ऑइलाची पातळी. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते पाच लिटर डेफ लागतं. गाडीगाडीत फरक असतो, म्हणून आपल्या गाडीचं तीन महिन्यांचं प्रमाण काढा. मग एखाद्या महिन्यात आकडा एकदम वाढला किंवा घटला, तर सभेत विचारता येईल. विचारायचं ते कुणावर संशय म्हणून नव्हे, हिशोब म्हणून. ड्रायव्हर दादालाही या वहीनं बळ मिळतं. "दिवा लागला होता, मी सांगितलं होतं" असं त्याला नुसतं तोंडी म्हणावं लागणार नाही, ते लिहिलेलंच असेल.

दर महिन्याला एका गटाने ही वही सांभाळायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी दिवे ओळखायचे आणि शेजारणीला सांगायचं. पुढच्या सभेआधी गाडी दारात लावून ड्रायव्हर दादाकडून सगळे दिवे एकदा बघून घेऊया. चावी फिरवली की सुरुवातीला सगळे दिवे क्षणभर लागतात, तेव्हा ओळख पटकन होते.

ठराव मंजूर असेल तर हात वर करा.

(ठराव एकमताने मंजूर झाला. पहिल्या महिन्याची वही ज्या गटाकडे आली आहे, त्यांनी चारही रकाने आखून पुढच्या सभेला सोबत आणावी.)