चेंबरचा उंबरठा



कायद्याची पदवी आणि सनद हाती आली म्हणजे मनुष्य वकील झाला, अशी सर्वसामान्य समजूत आहे. वस्तुतः त्या दिवशी त्याला न्यायालयात उभे राहण्याचा केवळ अधिकार प्राप्त होतो. उभे कसे राहावे, ही विद्या त्याला अन्यत्र संपादन करावी लागते.

मोहनदास करमचंद गांधी जून १८९१ मध्ये लंडनला बॅरिस्टर झाले. कायदा वाचला होता, वकिली मात्र अवगत नव्हती. या चिंतेत ते फ्रेडरिक पिंकट या गृहस्थांना भेटले. पुढे मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले असता त्यांना एकही प्रश्न सुचेना. घेतलेली फी परत करून ते बाहेर पडले. दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यात हिशेबाचे कागद अभ्यासताना मात्र त्यांना पिंकट यांचा उपदेश आठवला: कायद्याचा तीनचतुर्थांश भाग म्हणजे वस्तुस्थिती. एका भेटीतील मार्गदर्शन इतके दूरवर पोहोचले.

हेच मार्गदर्शन नित्य लाभले तर काय घडते, याचे उदाहरण म्हणजे मुंबईतील सर जमशेदजी कांगा यांचे चेंबर. नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी यांसारखे विधिज्ञ तेथे घडले. प्राप्तिकरावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९५० मध्ये कांगा आणि पालखीवाला या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. कनिष्ठाचे नाव ज्येष्ठाच्या नावाशेजारी आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि हा उंबरठा सर्वांसाठी सारखा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्यांच्या विद्वत्तेला तोड नव्हती. परंतु अस्पृश्यतेमुळे सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे देत नसत. सनदेच्या पैशांची निकड नवल भथेना या मित्राने भागवली. ओळखीपाळखीचे मोल किती आणि तिचा अभाव किती जाचक, हे या एका उदाहरणावरून कळावे.

नवोदितांना एक वर्ष ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी सक्तीची करणारे नियम भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये केले. असे नियम करण्याचा अधिकार परिषदेला नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने ते १९९९ मध्ये रद्द ठरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये परिषदेने कनिष्ठांना शहरांत दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. सारांश, होतकरू वकिलाचे शिक्षण आजही बहुतांशी ज्येष्ठांच्या सद्‌बुद्धीवर अवलंबून आहे.

म्हणून तरुणांनी संकोच सोडावा. स्वतःचे काम नसले तरी न्यायालयात बसावे, कागद वाचावेत, न समजलेले विचारावे, सोबत्यांना साहाय्य करावे. आणि ज्येष्ठांनी, ज्याच्या घराण्यात कोणी वकील नाही अशा एका तरी मुलाला वा मुलीला आपल्या चेंबरमध्ये जागा द्यावी आणि तिच्या श्रमाचा मोबदलाही द्यावा. न्यायालयाचे दार सर्वांसाठी खुले आहे, असे आपण अशिलांना सांगतो. ते वकिलांनाही खुले असले पाहिजे.