किल्ल्यांचा जुडगा

(संस्थेच्या वार्षिक शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी इतिहासाचा शिक्षक. बी.ए.ला इतिहास घेतला, पुढे बी.एड. केले. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही आज संगणकाविषयी बोलायला उभा आहे, याचे कारण माझी विद्वत्ता नसून माझी एक चूक आहे. चूक करणाऱ्याने ती चारचौघांत सांगितली तर निदान दुसऱ्याचे नुकसान टळते, एवढ्याच भावनेने मी आपला थोडा वेळ घेत आहे.

वर्गात खडू संपले की आपण एखाद्या मुलाला कचेरीत पाठवितो. त्याच्या हाती आपण सबंध शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा देतो काय? त्या जुडग्यात निकालपत्रकांच्या कपाटाची किल्ली असते, प्रयोगशाळेची असते, फीच्या पेटीचीही असते. मुलगा कितीही गुणी असला तरी आपण तसे करीत नाही. कारण प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नसतो. वाटेत जुडगा हरवला किंवा कोणी हिसकावून घेतला तर काय, हा प्रश्न असतो.

संगणकावरही असा जुडगा असतो. त्याला 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खाते म्हणतात. या खात्याने यंत्रावर बसणारा माणूस नवे प्रोग्रॅम बसवू शकतो, दुसऱ्यांच्या फाइली पाहू शकतो, त्यांचे पासवर्ड बदलू शकतो, विषाणू-प्रतिबंधक प्रोग्रॅम बंद करू शकतो. दुसरे खाते 'स्टँडर्ड', म्हणजे साधे. त्यावर पत्र लिहिता येते, गुणपत्रक करता येते, इंटरनेट पाहता येते, छपाई करता येते. आपले रोजचे जवळजवळ सर्व काम एवढ्यात भागते.

आता मुख्य मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. आपण जो प्रोग्रॅम सुरू करतो, तो आपल्या नावाने आणि आपल्या अधिकाराने चालतो. आपला हेतू काय, हे यंत्राला कळत नाही. कोणाच्या खात्यातून हुकूम आला, एवढेच ते पाहते. म्हणजे आपण जुडगा कमरेला लावून बसलो, तर आपण उघडलेल्या प्रत्येक बऱ्यावाईट प्रोग्रॅमच्या हाती तो जुडगा जातो.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत नोकरीस असताना, वयाने तरुण म्हणून संगणक-कक्ष माझ्याकडे सोपविण्यात आला. बारा यंत्रे तेथे आणि एक कचेरीत. सर्वांवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हे एकच खाते आणि एकच पासवर्ड. हा पासवर्ड मीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता. का, तर कोणी वारंवार विचारायला येऊ नये! त्या वेळी मला ही व्यवस्था फार सोयीची वाटली होती.

सहामाहीची प्रश्नपत्रिका तयार करताना मला जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा होता. इंटरनेटवर त्यासाठी एक फुकट प्रोग्रॅम सापडला. तो उतरवून घेतला आणि सुरू केला. यंत्राने मला एक शब्दही विचारला नाही. विचारणार तरी कसे? विंडोजमध्ये मूळच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याला सहसा परवानगी विचारलीच जात नाही. मालकाला कोण अडविणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी लिपिकांनी मला कचेरीत बोलावले. फाइली उघडत नव्हत्या, त्यांची नावे बदलली होती आणि पडद्यावर खंडणी मागणारी चिठ्ठी होती. माझ्या यंत्रावरचा दुष्ट प्रोग्रॅम त्याच खात्याने, त्याच पासवर्डने कचेरीच्या यंत्रात शिरला होता. विंडोज फाइलींच्या ज्या जुन्या प्रती राखून ठेवते, त्याही त्याने पुसून टाकल्या होत्या. हे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराशिवाय होत नाही. तो अधिकार मीच त्याला दिला होता.

गेलेल्या फाइलींत दहावीचे अंतर्गत गुण होते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी स्कॅन केलेले मुलांचे दाखले होते. अर्जांची मुदत आठ दिवसांवर आली होती. खंडणी द्यायची नाही असे ठरले, ते योग्यच झाले. गुण आम्ही उत्तरपत्रिकांवरून रात्री बसून पुन्हा भरले. दाखले मात्र मुलांकडून पुन्हा मागवावे लागले. एका मुलीच्या घरचा उत्पन्नाचा दाखला पावसात भिजून गेला होता. नवा काढण्यासाठी तिच्या आईला तहसील कचेरीत दोन खेपा घालाव्या लागल्या. दोन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटच्या दिवशी दाखला माझ्या हाती देताना ती माउली एवढेच म्हणाली, "सर, आम्ही कागद दिले होते ना?"

मित्रहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक माझी आणि दंड तिला.

हे केवळ लहान शाळेत घडते, असे मात्र समजू नये. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत पसरला. एखाद्या यंत्रात शिरताच तो आपल्याला कोणते अधिकार मिळाले आहेत हे तपासी. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळाले, तर त्या यंत्राच्या स्मृतीत राहिलेली नावे व पासवर्ड वेची आणि त्याच किल्ल्यांनी शेजारची यंत्रे उघडी. विंडोजमधील एका उणिवेचाही त्याने फायदा घेतला. परंतु ती उणीव दुरुस्त केलेली यंत्रेही बळी पडली, ती या चोरलेल्या किल्ल्यांमुळे. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. तिचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले होते.

इतिहासाचा शिक्षक असल्याने थोडा मागे जातो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' प्रणालीचा जन्म झाला. तिच्यात सर्वाधिकारी वापरकर्ता आणि साधे वापरकर्ते हा भेद पूर्वीपासून आहे. १९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर या दोघा संगणकतज्ज्ञांनी एका लेखात हे तत्त्व स्पष्ट मांडले, की प्रत्येक प्रोग्रॅमने आणि प्रत्येक वापरकर्त्याने कामाला लागतील तेवढ्याच कमीत कमी अधिकारांनी काम करावे. घरोघरी पोहोचलेल्या संगणकांनी मात्र हे तत्त्व पुष्कळ काळ बाजूला ठेवले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये सुरुवातीला उघडलेली खाती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचीच असत. २००७ साली सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून यंत्र मोठा बदल करण्यापूर्वी परवानगी विचारू लागले. पण आपण काय केले? न वाचता 'येस' दाबायची सवय लावून घेतली. पहारेकऱ्याने "कोण आहे?" म्हणून विचारावे आणि आपण झोपेतच "येऊ दे" म्हणावे, असा हा प्रकार.

साध्या खात्यावर बसले असता हीच परवानगी नुसत्या 'येस'ने मिळत नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्यावा लागतो. तेवढ्या क्षणभरात माणूस विचार करतो, की मी तर फक्त प्रश्नपत्रिका लिहीत होतो, मग हा किल्ली कशाला मागतो आहे?

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र साधे खाते दिले. विद्यार्थ्यांसाठीही साधीच खाती केली. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' या सदराखाली 'स्टँडर्ड यूजर' निवडून हे काम काही मिनिटांत होते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे पासवर्ड प्रत्येक यंत्राला निराळे ठेवले आणि लिहून, पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवले. नवा प्रोग्रॅम बसवायचा असेल तेव्हाच पाकीट उघडायचे.

थोडी कुरकुर झाली. मुख्याध्यापकांना साधे खाते दिले हे काहींना अवमानकारक वाटले. तेव्हा ते स्वतःच हसून म्हणाले, "तिजोरीची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी ती गळ्यात घालून बाजारात जातो काय?" त्यानंतर कोणी काही बोलले नाही. अधिकार हा मिरविण्याचा दागिना नव्हे, ही गोष्ट संगणकापुरतीच खरी आहे असे मला वाटत नाही.

एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. साधे खाते म्हणजे सर्व रोगांवरचा एकच इलाज नव्हे. साध्या खात्यावरही दुष्ट प्रोग्रॅम सुरू केला, तर निदान त्या माणसाच्या स्वतःच्या फाइली जाऊ शकतात. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने तर कोणी काही न उघडताही यंत्रे धरली, कारण दोन महिने आधी आलेली दुरुस्ती त्यांवर बसविलेली नव्हती. म्हणून यंत्राच्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत यंत्रापासून वेगळी काढून कपाटात ठेवावी. मात्र साध्या खात्याने आग एका खोलीत अडते, सबंध इमारत पेटत नाही. माझ्या बाबतीत एवढे झाले असते, तर माझी प्रश्नपत्रिका गेली असती, मुलांचे दाखले राहिले असते.

पालकांना माझी विनंती आहे, की घरी एकच संगणक असेल तर आज रात्रीच त्यावर मुलांसाठी आणि स्वतःसाठीही साधे खाते उघडावे. शिक्षक बंधु-भगिनींना सांगणे हे, की आपल्या यंत्रात फक्त आपल्या फाइली नसतात. विश्वासाने आपल्या हाती दिलेले लोकांचे कागद त्यात असतात. पुन्हा एखाद्या आईवर तो प्रश्न विचारण्याची वेळ आपल्यापैकी कोणामुळेही येऊ नये.