डब्यावरचे लुमेन आणि शेवटचा तास

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे टॉर्च. हसू नका. माझ्याकडे सध्या अकरा टॉर्च आहेत. आई म्हणते, “अरे, घरात ट्यूबलाइट आहेत ना?” आजोबा तर टॉर्चला अजून ‘बॅटरी’च म्हणतात. त्यांच्या मते दोन सेलची एक बॅटरी माणसाला जन्मभर पुरते. आणि मी गेल्या शनिवारी बारावा टॉर्च बघायला बाहेर पडलो.

दादरला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर एक छोटं दुकान आहे. तिथे फक्त टॉर्च, हेडलॅम्प आणि सेल. काचेच्या कपाटात सगळं दागिन्यांसारखं मांडून ठेवलेलं. फेनिक्स, नाइटकोर, ओलाइट. मी काचेला नाक लावून उभा. माझी नजर एकाच तुकड्यावर, मुठीत जेमतेम मावेल एवढा जाडजूड, १२,००० लुमेन, किंमत साडेअकरा हजार. म्हटलं, “काका, तो काढा ना जरा.”

काकांनी काढला, पण हातात द्यायच्या आधी विचारलं, “कशासाठी हवाय?”

आता यावर काय बोलणार? ‘भारी आहे म्हणून’ असं तर सांगता येत नाही. मी म्हटलं, “ट्रेकसाठी.” ते म्हणाले, “कुठला ट्रेक? किती तास अंधारात चालणार?” आणि मला एकदम राजमाची आठवला.

तो किस्सा आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये आम्ही पाच जण राजमाचीला गेलो होतो. उधेवाडीत पिठलं-भाकरी खाऊन निघायला संध्याकाळचे साडेसहा वाजले. उतरायचं होतं कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला. जंगलातली वाट, दगड, मुरूम. बिनधास्त होतो, कारण माझ्याकडे ऑनलाइन घेतलेला टॉर्च होता. डब्यावर काय लिहिलेलं? एक लाख लुमेन! आत ९,९०० एमएएचचा सेल. किंमत सातशे नव्याण्णव.

पहिली दहा मिनिटं मी हिरो होतो. विसाव्या मिनिटाला उजेड निम्म्यावर आला. चाळिसाव्या मिनिटाला टॉर्च लावलाय की नाही हे बघायला त्याच्या काचेत डोकावावं लागत होतं. मग मोबाइल काढले. एकाचा १४ टक्के, एकाचा बंद. ओंक्याचा पाय मुरमावरून सरकला आणि घोटा मुरगळला. नशीब, हाड मोडलं नाही. पण पुढची सगळी वाट दोघांनी त्याला धरून, एका मोबाइलच्या उजेडात उतरलो. खाली पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तेव्हापासून ओंक्या रात्रीच्या ट्रेकला आलेला नाही. विचारलं की म्हणतो, “बघू.” तो टॉर्च मी आणला होता, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. अकरा टॉर्चचं खरं कारण हेच आहे.

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. म्हणाले, “हिशोब कर.” तुम्हीही करा माझ्याबरोबर.

चांगला एलईडी एका वॉटमध्ये ढोबळमानाने शंभर लुमेन देतो. मग एक लाख लुमेनला किती वॉट लागतील? एक हजार. म्हणजे घरातली इस्त्री! इस्त्री हातात धरून गड उतरणार का? आता सेल बघा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३,५०० एमएएच बसतात. ९,९०० लिहिलेलं दिसलं की डबा परत ठेवायचा. ३,५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट, झाले साडेबारा वॉट-तास. त्यावर हजार वॉट चालवले तर सेल पाऊण मिनिटात संपेल. तेही त्या सेलला एवढा करंट देणं जमलं तर. जमत नाही.

मी म्हटलं, “पण हा १२,००० वाला तर खऱ्या कंपनीचा आहे ना?” काका म्हणाले, “आकडा खरा आहे. पण किती वेळ, ते विचार.” १२,००० लुमेन म्हणजे शंभर-सव्वाशे वॉट, आणि त्यातली बरीच उष्णता. ती जाणार कुठे? टॉर्चच्या अंगात आणि तुमच्या हातात. म्हणून आतलं सर्किट मिनिटा-दोन मिनिटांत उजेड आपोआप खाली आणतं. हा बिघाड नाही, ती सोय आहे. नाहीतर हात भाजेल आणि एलईडीही जाईल.

आता डब्यावर ‘चालतो तीन तास’ लिहिलेलं असतं त्याची गंमत ऐका. चांगल्या कंपन्या एफएल १ नावाचं अमेरिकन मानक वापरतात. त्यात लुमेन मोजायला सुरुवात होते टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी. आणि वेळ कुठपर्यंत मोजतात? उजेड त्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘१,००० लुमेन, तीन तास’ याचा अर्थ तीन तास हजार लुमेन असा नाही. पहिली दोन मिनिटं हजार, मग बराच वेळ तीनशे, असंही असू शकतं. आणि ‘४०० मीटर’ लिहिलेलं असतं ना, ते अंतर कुठलं? जिथे फक्त पाव लक्स उजेड पोचतो तिथलं. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्या उजेडात ४०० मीटरवरची पायवाट दिसेल का? तुम्हीच सांगा.

म्हणून काकांचा नियम असा की सगळ्यात मोठा आकडा वाचायचाच नाही. मधल्या मोडचा आकडा आणि त्याचे तास वाचायचे. शेवटच्या तासाला हातात किती उजेड उरतो, त्याचे पैसे द्यायचे.

मग त्यांनी दुकानामागचा लांब बोळ दाखवला आणि दिवा बंद केला. आधी १२,००० वाला लावला. आईशप्पथ, दिवस उजाडला! लगेच दुसरा, साध्या दिसणारा, ३०० लुमेनवर लावला. आणि एक गोष्ट लक्षात आली. उजेड चौपट केला तेव्हा कुठे डोळ्याला दुप्पट वाटतो. ५०० आणि १,००० मध्ये फरक असतो, पण किमतीएवढा नसतो.

काका म्हणाले, “आता तळहात बघ.” एका टॉर्चखाली माझा हात मेल्यासारखा फिका, निळसर. दुसऱ्याखाली गुलाबी, शिरा दिसणारा, जिवंत. हा सीआरआयचा खेळ. खरे रंग किती ओळखू येतात त्याचं ते माप. पैकीच्या पैकी म्हणजे १००. नेहमीचे एलईडी ७० च्या आसपास, चांगले ९० च्या वर. जास्त सीआरआय घेतला की थोडे लुमेन जातात. पण आपल्या सह्याद्रीत सुकलेल्या पानांवर तपकिरी फुरसं बसलेलं असतं, मंडळी. तिथे मला लुमेन नकोत, रंग हवेत.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगतो. पावसाळ्यात धुकं असेल तर डोक्यावरचा हेडलॅम्प सगळा उजेड परत डोळ्यांवर फेकतो. तेव्हा टॉर्च हातात, कमरेजवळ धरायचा. आणि सुटा लिथियम सेल किल्ल्यांबरोबर खिशात कधीच टाकू नका. शॉर्ट झाला तर आग लागते. प्लॅस्टिकची छोटी डबी मिळते, तीत ठेवा.

तर शेवटी मी काय घेतलं? खोटं नाही सांगत, १२,००० वाला परत दोनदा हातात घेतला. तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली. घेतला तो साधा. २१७०० चा सेल, ५,००० एमएएच, सीआरआय ९० च्या वर, ३०० लुमेनवर साधारण चार तास. उधेवाडी ते कोंदिवडे आरामात. एक जादा सेल घेतला. आणि उरलेल्या पैशांत एक हेडलॅम्प, लाल दिवा असलेला. तो माझ्यासाठी नाही, ओंक्यासाठी.

जूनच्या सुरुवातीला आम्ही काजवे बघायला जाणार आहोत. काजव्यांचे नर चमकून माद्यांना बोलावतात, आणि आपला पांढरा झोत त्यात घुसला की त्यांचं बोलणंच तुटतं. म्हणून तिथे लाल दिवा, तोही अगदी मंद, आणि फक्त पायापुढे. झाडांवर अजिबात नाही. ओंक्याला हेडलॅम्पचा फोटो पाठवला. तासाभराने उत्तर आलं, “सेल जादा घेतलास ना?” म्हणजे येतोय बहुतेक.

आता तुमच्यासाठी एक काम. घरात असेल तो टॉर्च आज फुल चार्ज करा. रात्री खोलीत अंधार करून तो छताकडे तोंड करून उभा ठेवा, मोठ्या मोडवर. गरम झाला तर बंद करा, पांघरुणाजवळ ठेवू नका. दर दहा मिनिटांनी छताचा फोटो काढा, मोबाइलचं एक्स्पोजर लॉक करून. तासाभराने पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून बघा. जे दिसेल, तो तुमचा खरा टॉर्च. ते घरात कळलेलं बरं, मुरमावर नको.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, मोबाइलची बॅटरी टॉर्च म्हणून धरू नका. ती घरी फोन करायला ठेवा.