मशीन जुनं, तबकडी नवी

कर्जतच्या माझ्या दुकानात मी जुन्या स्विस मशीनवर मनगटी घड्याळं बांधतो. एका खेपेला पाच-सहाच, कारण एकसारखी मशीनं तेवढीच मिळतात. ‘फेवर-ल्यूबा’ ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत घड्याळं विकत होती. तशी चावीची घड्याळं जुन्या पेट्यांत अजून सापडतात. तबकडी डागाळलेली असते. पण मशीन धुऊन, तेल देऊन चावी भरली की बहुतेकांत सेकंदाला पाच, म्हणजे तासाला १८,००० ठोके पुन्हा सुरू होतात. १९७० नंतर क्वार्ट्झ घड्याळं आली, जुने सुटे भाग बनेनासे झाले. आता एक चालू करायला दुसरं मोडावं लागतं.

आमच्या कर्जत-खालापूरचा पाऊस मशीनचा वैरी. दमट हवा आत शिरली की पोलाद गंजतं. म्हणून केस नवी, घट्ट झाकणाची घेतो.

बाजारात मात्र तबकडी नव्यानं रंगवून घड्याळ ‘अस्सल जुनं’ म्हणून खपवतात. मी पावतीवरच लिहितो : मशीन जुनं, तबकडी आणि केस नवी. काही गिऱ्हाइकं ते वाचून परत जातात; जाऊ देत. तुम्हीही घेताना झाकण समोर उघडायला लावा, आणि घरातलं बंद घड्याळ भंगारात देऊ नका.