तीन प्रेक्षकांची सरासरी

घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी दार लावून संगणकासमोर बसते, कानांवर यंत्र चढविते आणि कोणाशीं तरी तासन् तास बोलत राहते, हें दृश्य आतां मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांना परिचयाचें झालें आहे. कोणी खेळ खेळतां खेळतां बोलतो, कोणी चित्र काढून दाखवितो, कोणी बुद्धिबळाचा डाव मांडतो, तर कोणी गणित शिकवितो. या उद्योगाला थेट प्रक्षेपण, किंवा रूढ शब्दांत लाइव्ह स्ट्रीमिंग, असें म्हणतात. बाहेरच्या खोलींत बसलेल्या वडील मंडळींचा प्रश्न मात्र एकच असतो: यांतून पैसे केव्हां मिळणार? प्रश्न रास्त आहे. आणि त्याचें उत्तर ज्या आंकड्यांत दडलेलें आहे, ते आंकडे घरांतील दोन्ही पक्षांनीं एकदां नीट पाहून घेण्यासारखे आहेत.

काम सुरू केलें कीं दाम सुरू झाला, असा या धंद्याचा प्रकार नाहीं. ज्या कंपनीच्या व्यासपीठावरून प्रक्षेपण होतें, ती प्रथम उमेदवारी करून घेते. या उमेदवारीचा सर्वांत बोलका नमुना ट्विच या अमेरिकन संस्थेचा. २००७ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जस्टिन कान नांवाच्या तरुणानें टोपीवर कॅमेरा बसवून आपला सारा दिनक्रमच जगाला दाखविण्याचा उपक्रम आरंभिला होता. त्यांतून जस्टिन डॉट टीव्ही ही वाहिनी निघाली, आणि २०११ सालीं तिचीच एक शाखा, मुख्यतः खेळांसाठीं, ट्विच या नांवानें वेगळी झाली. २०१४ सालीं ॲमेझॉननें ती सुमारें ९७ कोटि डॉलरांना विकत घेतली. आरंभीं पैशाचा दरवाजा मोजक्या भागीदारांनाच मोकळा असे. एप्रिल २०१७ मध्यें संस्थेनें नवख्यांसाठीं ‘ॲफिलिएट’ नांवाची एक खालची पायरी बांधली. तिच्यावर चढण्यास अटी चार होत्या: ३० दिवसांत एकंदर ५०० मिनिटें प्रक्षेपण, तें निरनिराळ्या ७ दिवशीं, पाठीशीं ५० फॉलोअर, आणि एकाच वेळीं हजर असलेल्या प्रेक्षकांची सरासरी ३.

पुढें २०२५ सालीं, बहुतेक नवागतांना कमाईचीं कांहीं साधनें पहिल्या दिवसापासूनच खुलीं करण्याचें ट्विचनें जाहीर केलें, आणि हा उंबरठा पुष्कळ झिजला. तरीही ती मूळची कसोटी समजून घ्यावी. कारण या धंद्यांतील खरी अडचण कोणती, हें तिच्याइतकें स्पष्ट दुसरीकडे दिसत नाहीं.

५०० मिनिटें म्हणजे ८ तास २० मिनिटें. सात दिवसांत वांटलीं तर दिवसाला बहात्तर मिनिटांहून अधिक नव्हेत. हें ज्याच्या त्याच्या हातचें आहे. पन्नास फॉलोअरही मिळतात. या शब्दाचें शब्दशः भाषांतर ‘अनुयायी’ असें होईल. पण साधुसंतांना किंवा पुढाऱ्यांना असतात तसे हे अनुयायी नव्हेत. मावसभाऊ, कॉलेजांतील मित्र, सोसायटींतील मुलें यांनीं भिडेखातर एकदां बटण दाबलें कीं त्यांचें काम संपलें. चौथी अट मात्र निराळ्या जातीची आहे. तीन हा आंकडा ऐकून हंसूं येतें. पण भिडेखातर बटण दाबणारा माणूस भिडेखातर तासभर बसत नाहीं, आणि तीन माणसें सतत बसून राहणें ही गोष्ट नवख्याला फार जड जाते.

येथें हिशेबांतील एक खोंच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. समजा, रात्रीं नऊ ते दहा चार माणसें पाहात आहेत. दहाला तिघे झोपावयास गेले, एक उरला. प्रक्षेपण तेथेंच थांबविलें तर त्या रात्रीची सरासरी चार. परंतु उत्साही तरुण तें पहाटे तीनपर्यंत रेटतो. एक तास चौघे, पुढले पांच तास एकटा. मिळून नऊ, भागिले सहा, म्हणजे दीड. श्रम सहापट झाले आणि गुण निम्म्याहूनही खालीं आले. शिवाय तो उरलेला एक म्हणजे पुष्कळदां शेजारच्या खोलींत चालू ठेवलेला स्वतःचाच फोन असतो. ‘जास्त वेळ बसलों तर कोणी तरी येईलच’ ही समजूत या धंद्यांत जितकीं जागरणें घडविते तितकी दुसरी कोणतीही नसेल. आणि त्याची किंमत परीक्षेच्या गुणपत्रकावर किंवा कचेरींतील डुलक्यांत दिसते.

कोणी येत कां नाहीं, यालाही कारण आहे. ट्विचवरील याद्या दीर्घकाळ प्रेक्षकसंख्येच्या उतरत्या क्रमानें लागत आल्या. ज्याच्याकडे हजारों आहेत तो वर, ज्याच्याकडे कोणीच नाहीं तो तळाशीं. एखाद्या गाजलेल्या खेळाच्या यादींत इतक्या खालीं उतरून पाहण्याचे कष्ट कोण घेणार? यास्तव जाणते लोक गर्दीचा खेळ सोडून, ज्याचे चाहते थोडे पण निष्ठावंत, असा विषय निवडतात. प्रक्षेपणांतील दोन-चार चांगले क्षण कापून अन्यत्र दाखवितात आणि तेथून माणसें आणतात. आणि मुख्य म्हणजे वार व वेळ पाळतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रात्रीं नऊ, असें एकदां ठरलें कीं ठरलें. कीर्तनकाराची वेळ गांवाला पाठ असते तसें हें आहे.

आंकडे विकत घेण्याचीही सोय आहे. थोडे पैसे टाकले कीं यांत्रिक प्रेक्षक हजर करणारे दलाल भेटतात. २०१६ सालीं ट्विचनें अशा विक्रेत्यांवर अमेरिकेंतील न्यायालयांत दावाही लावला होता. हे प्रेक्षक बोलत नाहींत, परत येत नाहींत, आणि उघडकीस आले तर खातेंच बंद होतें. ‘तूं माझें पाहा, मी तुझें पाहतों’ हा परस्पर सहकार त्याहून सौम्य, पण फळ तेंच. दोघेही आवाज बंद करून दुसरीकडे वळलेले असतात.

आपल्या ध्वनिक्षेपणाच्या इतिहासांतही मोजणीचा हा पेंच एकदां पडला होता. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. कंपनीची मुख्य भिस्त वर्षाला दहा रुपयांच्या परवान्यावर होती; त्यांतला मोठा हिस्सा तिला मिळे. परंतु परवानेधारकांची संख्या आठ हजारांच्या आसपासच राहिली, आणि १९३० सालीं कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. परवाना न काढतां ऐकणारेही होते; ते ऐकण्यांत होते, मोजणींत नव्हते. आजचा प्रक्षेपक या बाबतींत सुदैवी कीं दुर्दैवी, तें ठरविणें कठीण; त्याचा एक-एक श्रोता, एक-एक मिनिट मोजलें जातें, आणि तो आंकडा त्याच्या डोळ्यांसमोर सारखा खालींवर होत असतो. अनुभवी मंडळी बोलतांना तो आंकडा झांकून ठेवण्याचा सल्ला देतात, तो योग्यच आहे.

महाराष्ट्रांतील बहुतेक नवखे ट्विचपेक्षां यूट्यूबकडे वळतात. तेथील उंबरठा उलट वाढत गेला. एप्रिल २०१७ मध्यें एकंदर १०,००० वेळां पाहिलें जाणें एवढीच अट होती. जानेवारी २०१८ मध्यें १,००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचें प्रेक्षण अशी ती झाली. (यांतील वर्गणी हा शब्दही फसवाच; सब्स्क्राइबर होण्यास कोणी पैही देत नाहीं.) जून २०२३ मध्यें त्याखालीं आणखी एक पायरी बसविली गेली: ५०० वर्गणीदार, ९० दिवसांत ३ सार्वजनिक चित्रफिती आणि वर्षांत ३,००० तास. ती आधीं कांहीं देशांत उघडली व पुढें इतरत्र. तिच्यावर प्रेक्षकांनीं खुषीनें दिलेले पैसे घेतां येतात. जाहिरातींचा वांटा मात्र वरच्या पायरीवरच. छोट्या चित्रफितींची वाट निराळी आहे, पण ती थेट प्रक्षेपणाची नव्हे.

४,००० तास ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं, पण हिशेब करावा. एक तासाचें प्रक्षेपण दहा माणसांनीं पूर्ण पाहिलें तर दहा तास जमा होतात. या गतीनें वर्षांत ४०० तास बसावें लागेल, म्हणजे आठवड्याला सुमारें पावणेआठ तास. प्रेक्षक तीनच असतील तर तेच १,३३३ तास होतात. आठवड्याला साडेपंचवीसांवर, म्हणजे जवळ जवळ अर्धी नोकरी, आणि तीही बिनपगारी. येथें एक दिलासा आहे. प्रक्षेपणाची मुद्रित प्रत सार्वजनिक ठेवली तर मागाहून पाहणाऱ्यांचे तासही धरले जातात. ती काढून टाकली किंवा लपविली तर तास गेले. म्हणून त्रिकोणमितीचा धडा वर्षभर तास मिळवीत राहतो, आणि खेळाचा डाव सहसा दुसऱ्या दिवशीं शिळा होतो. विषय निवडतांना एवढें तरी ध्यानांत घ्यावें.

याच उमेदवारीच्या काळांत कंपनी मात्र रिकामी बसत नाहीं. नोव्हेंबर २०२० पासून, प्रथम अमेरिकेंत व पुढें अन्यत्र, योजनेबाहेरच्या लोकांच्या चित्रफितींवरही जाहिराती दाखविण्याचा अधिकार यूट्यूबनें आपल्याकडे घेतला. त्यांत निर्मात्याला हिस्सा नाहीं. उमेदवाराच्या श्रमाचें फळ धनी खातो, ही तक्रार पोकळ म्हणतां येणार नाहीं.

मुलाबाळांच्या बाबतींत वयाची अट आधीं पाहावी. यूट्यूबवर एकट्यानें थेट प्रक्षेपण करण्यास जुलै २०२५ पासून १६ वर्षें पुरीं लागतात; पैशाचें खातें १८ वर्षांखालील मुलाच्या नांवें निघत नाहीं, तें पालकाच्या नांवें काढावें लागतें. प्रथम परवानगी मागितल्यावर २४ तासांपर्यंत थांबावें लागतें, आणि फोनवरून प्रक्षेपण करावयाचें तर ५० वर्गणीदार हवेत. प्रेक्षकांचे संदेश समोर धांवत असतात, त्यांत अभद्र बोलणारे येतातच, आणि मुलींच्या वांट्याला ते अधिक येतात. अमुक शब्द आपोआप अडविण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशीं करावी; आणि संदेशांवर नजर ठेवण्यास घरांतीलच कोणी, थोरली बहीण किंवा मामा, बसविला तर बाहेरच्या खोलींतला प्रश्न थोडा मवाळ होतो, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

उंबरठा ओलांडला म्हणजे पगार सुरू झाला असें समजून नोकरीचा राजीनामा देणें मात्र घातक होय. खुषीच्या पैशांतून यूट्यूब शेंकडा तीस आणि जाहिरातींच्या पैशांतून शेंकडा पंचेचाळीस स्वतःकडे ठेवतें. गूगल किमान १०० डॉलर जमल्याखेरीज रक्कम पाठवीत नाहीं. म्हणजे केवळ खुषीच्या पैशांवर तेवढे जमावयाचे तर प्रेक्षकांनीं सुमारें १४३ डॉलर दिलेले असले पाहिजेत. अमेरिकन करासंबंधीं एक पत्रक भरून द्यावें लागतें. तें भरलें तर भारतांतील रहिवाशाला अमेरिकेंतील प्रेक्षकांपासून झालेल्या मिळकतीवर शेंकडा पंधरा कापले जातात, न भरलें तर साऱ्याच मिळकतीवर शेंकडा चोवीस.

या सगळ्या विद्युद्वेगी व्यवहारांत एक गोष्ट मात्र पोस्टमन घेऊन येतो. खात्यांत १० डॉलर झाले कीं पत्ता खरा आहे याची खात्री करण्यासाठीं गूगल एक सांकेतिक आंकडा टपालानें पाठवितें. इमारतीचें नांव, मजला, पिन कोड यांत चूक असेल तर तें पत्र कोठें तरी अडकतें. आणि चार महिन्यांत तो आंकडा भरला नाहीं तर मिळकत थांबते. पत्र पोंचून १०० डॉलर पुरे झाले, म्हणजे पुढील महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान रक्कम बँकेकडे निघते.